मामूंचं मागचं-पुढचं

मामू मीटिंगमध्ये बसायचे नाहीत. लातूरच्या आमच्या ऑफिसात मीटिंगची एक लहानशी खोली होती. तिथली हातांची एकुलती एक चांगली खुर्ची आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवायचो, आणि मामू तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून मागे उभे राहायचे. जुम्म्याची नमाज पढून आलेले असायचे, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा मंद वास, आणि डावा गुडघा कायमचा दुखरा. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसतो की. पयले मागच्याचं काय झालं ते सांगा." मागच्या वेळी ठरलेलं काम झालं की नाही हे कळल्याशिवाय ते खुर्चीला टेकायचे नाहीत. झालं असेल तर लगेच बसायचे. झालं नसेल तर का नाही, आता कोण करणार, कधी करणार, हे ठरेपर्यंत तो दुखरा गुडघा आमच्यासमोर उभा असायचा. वयानं बापासारखा माणूस उभा आहे आणि आपण खुर्चीत बसून पाय हलवतोय, या लाजेनंच आम्ही निम्मी कामं केली असतील.

ही मीटिंग कसली ते आधी सांगते. आम्ही सॉफ्टवेअर बनवणारी माणसं. आमच्या कामात दर पंधरा दिवसांनी टीमनं एकत्र बसायचं, गेल्या पंधरवड्यात काय जमलं, काय फसलं ते मोकळेपणानं बोलायचं आणि पुढं काय बदलायचं ते ठरवायचं, अशी पद्धत आहे. पुस्तकात तिला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात, ऑफिसात नुसतं रेट्रो. मामूंना दोन्ही शब्द कधी पटले नाहीत. ते म्हणायचे, मागचं-पुढचं. "चला रे, मागचं-पुढचं करून घेऊ," अशी हाक आली की आम्ही लॅपटॉप मिटायचो.

मामू यायच्या आधी आमचं नुसतं मागचंच व्हायचं. पिवळ्या चिठ्ठ्या वाटायच्या, प्रत्येकानं त्यांवर तक्रारी लिहायच्या, भिंतीवर चिकटवायच्या आणि तासभर हिरिरीनं बोलायचं. बोलण्यात आम्ही कुणाला हार जात नव्हतो. टेस्टिंगला वेळच मिळत नाही, गिऱ्हाइकांचे फोन थेट आमच्या मोबाइलवर येतात, पुण्याचं मुख्य ऑफिस ऐन वेळी कामं बदलतं. शेवटी सगळ्यांचं एकमत व्हायचं की यावर काहीतरी केलं पाहिजे. मग भजी यायची. भजी संपली की विषयही संपायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच तक्रारी, तेच एकमत आणि तीच भजी. उन्हाळ्यात कूलर लावला की चिठ्ठ्या भिंतीवरून सुटून खोलीभर उडायच्या आणि झाडणाऱ्या मावशी त्या केरात भरायच्या. मामू नवीन आले होते तेव्हा त्यांनी कपाटाखालून एक जुनी चिठ्ठी काढली, धूळ झटकली आणि भिंतीवरच्या ताज्या चिठ्ठीशेजारी धरली. दोन्हींवर एकच वाक्य होतं आणि अक्षरही एकाचंच, बालाजीचं. "ही कवाची म्हनायची, बालाजी?" त्यांनी विचारलं. बालाजी आमचा हदगावचा प्रोग्रामर, हुशार आणि तोंडाचा फटकळ. पण त्या दिवशी त्याचे कान तेवढे लाल झाले.

मामू मूळचे उदगीरचे. नाव शेख नईमोद्दीन, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. घरचा धंदा शिवणकामाचा. मामूंनी मात्र टायपिंगचा क्लास काढला, टायपिंग मेलं तेव्हा कॉम्प्युटरचा काढला, आणि उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, कित्येक मुनिमांना की-बोर्डवर बोटं ठेवायला त्यांनीच शिकवलं. आमचं सॉफ्टवेअर अडत दुकानांसाठीच होतं. शेतकऱ्याचा माल आला की मुनिमानं कट्टे म्हणजे पोती, वजन, भाव टाकायचा, आणि शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी छापून यायची. मुनिमांशी त्यांच्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं म्हणून कंपनीनं मामूंना घेतलं. मागचं-पुढचं चालवायचं काम आमच्यात कुणालाच नको होतं, ते वडीलधारे म्हणून त्यांच्या गळ्यात पडलं.

पुण्याच्या सरांना मात्र मामूंचं कोडं कधी सुटलं नाही. सर स्क्रीनवर यायचे, सगळ्यांचा आढावा घ्यायचे आणि मामूंपाशी येऊन अडायचे. हे कोड लिहीत नाहीत, टेस्टिंग करत नाहीत, मग नेमकं करतात काय. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की येणारा सोयाबीनचा हंगाम कसा जातो ते बघू आणि मग या जागेचं ठरवू. मामूंनी फक्त मान हलवली. स्क्रीन बंद झाल्यावर ते म्हणाले, "साहेबाचं बी बरोबर हाय. मान्साचं काम दिसाया पायजे." उदगीर-लातूरकडं त्या वयात दुसरी नोकरी मिळत नाही हे आम्हालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्या दिवसापासून मामूंची जागा आणि सोयाबीनचा हंगाम या दोन गोष्टी आमच्या डोक्यात एकत्र बांधल्या गेल्या.

त्यांच्या पद्धतीत पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट. आम्ही भिंत पिवळी करून ठेवायचो आणि ते म्हणायचे, "समदं बरोबर हाय तुमचं. पन तव्यावर धा भाकरी एकदम टाकता का? एक निवडा." आमच्या टीममधली सना, नांदेडची, टेस्टिंग करायची आणि तिला काहीही अर्धवट सोडवत नसे. ती कळवळून म्हणायची, "पण मामू, बाकीच्यांचं काय?" मामू म्हणायचे, "ते कुठं पळून चाललेत, बेटा? पंधरा दिसांनी हितंच हायेत की." आम्हाला हे फार कमी वाटायचं. पण पंधरा दिवसांनी ती एक गोष्ट खरोखरच झालेली असायची, आणि त्याआधी आमच्या इतक्या एकमतांमधून एकही झालेली नव्हती.

दुसरं म्हणजे सोमवारची सकाळ. गिऱ्हाइकांच्या फोनांचा विषय निघाला तेव्हा बालाजी म्हणाला, "याच्यासाठी एक सिस्टिम लावली पायजे." मामूंनी विचारलं, "सिस्टिम म्हंजे? सोमवारी सकाळी खुर्चीत बसल्यावर तू हातानं पयलं काय करनार?" बालाजीनं छताकडं बघितलं. मग म्हणाला, "एक वेगळं सिम घेतो." "हां. आनि मंगळवारी?" असं करत करत ठरलं की ऑफिसचा एकच फोन, रोज एकाची पाळी, बाकीच्यांनी कान बंद ठेवून काम करायचं, आणि फोन मामूंच्या टेबलावर चार्जिंगला. वर्षभर ज्यावर आम्ही तोंडाची वाफ दवडत होतो ते एका सिमनं मिटलं. तेव्हापासून कुणी "सुधारणा करू", "लक्ष देऊ" असं मोघम बोललं की बाकीचे एका सुरात विचारायचे, सोमवारी सकाळी काय करणार.

ठरलेल्या कामाची चिठ्ठी ते टीमच्या कामांच्या बोर्डावर सगळ्यात वर लावायचे, गिऱ्हाइकाच्या कामाच्याही वर. सर चिडायचे. मामू नम्रपणे सांगायचे, "सर, खाली ठेवलं की ते खालीच ऱ्हातं." आणि माणसावर बोट उगारू द्यायचे नाहीत. एकदा एक चूक गिऱ्हाइकापर्यंत गेली तेव्हा बालाजी सनाकडं बघून म्हणाला, "कामून दिसली न्हाई तुला?" सनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामूंनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मानूस नको सांगू. कुठून सांडलं ते सांग." बालाजीनं मग स्वतःच उठून सनाला चहा आणून दिला.

पण त्यांचा खरा कडवेपणा दिसायचा तो "झालं" या शब्दाबाबत. पट्ट्या अर्धवट कापून छापल्या जायच्या म्हणून प्रिंटरवाल्याला गाठायचं काम बालाजीकडं होतं. शुक्रवारी मामूंनी विचारलं, मागच्याचं काय झालं. बालाजी म्हणाला, "जाऊन आलो मामू. बोललो त्यांच्याशी."

"जाऊन आलो हे काम न्हाई. बोललो हे बी काम न्हाई. पट्टी पूरी छापून आली का?"

"न्हाई."

"मग मी हितंच उभा हाय."

बालाजीनं तिथूनच प्रिंटरवाल्याला फोन लावला. मामू उभे राहून ऐकत होते, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेत. मला आठवतं, मी खुर्ची पुढं सरकवली तर त्यांनी हळूच मागं ढकलली.

आणखी एक सवय होती, ती नंतरच्या काळातली. चिठ्ठ्या ते आमच्याकडून वाचून घ्यायचे. "तू वाच बेटा, तुझा आवाज चांगला हाय," असं म्हणत चिठ्ठी ज्यानं पुढं केली त्याच्याच हातात परत द्यायचे. आम्हाला ते फार आवडलं. आपली तक्रार आपल्याच तोंडानं मोठ्यानं वाचायची म्हटली की माणूस जपून लिहितो, उगीच आग ओकत नाही. मी तर एकदा सरांना कौतुकानं सांगितलं की आमच्या मामूंनी ही नवी युक्ती काढली आहे, पुण्यातही करून बघा. सरांनी लिहून घेतलं. मामू शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत, खाली बघत शर्टाचं बटण चाचपत राहिले. मला वाटलं, कौतुकानं संकोचले.

हंगामाच्या आधी सॉफ्टवेअरचा नवा चेहरा, म्हणजे स्क्रीनवरची नवी मांडणी, तयार झाला. पुण्याहूनच आराखडा आला होता, दिसायला देखणा, बारीक अक्षरांचा, करड्या रंगाचा. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मामू म्हणाले, "मुनीम लोक बघून काम करत न्हाईत. त्यांची बोटं करतात. जागा बदलली की बोटं चुकनार." त्यांचं म्हणणं होतं की सगळ्यांना नवं देण्याआधी उदगीरच्या दोन-तीन दुकानांत दिवसभर चालवून बघावं, मुनिमांची बोटं कुठं अडतात ते पाहावं. सगळ्यांना पटलं. कोण करणार, हा प्रश्न यायच्या आत मामूंनी स्वतःच हात वर केला. "हे माझं. मोंढा माझा हाय." आम्हाला हसू आलं, आनंदही झाला. सरांना दाखवायला आता मामूंच्या नावावर काम होतं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "मामू, सोमवारी सकाळी पहिलं काय करणार?" ते म्हणाले, "उदगीरची बस."

सोमवारी ते गेले. मंगळवारी सकाळी उभ्याउभ्या जी रोजची विचारपूस होते तीत मी विचारलं, "मामू, उदगीर?"

"जाऊन आलो," मामू म्हणाले.

आणि आम्ही पुढच्या माणसाकडं वळलो. बालाजी वळला, सना वळली, मी वळले. ज्या उत्तरावर मामूंनी बालाजीला धारेवर धरलं होतं, तेच उत्तर त्यांनी दिलं आणि आमच्यापैकी कुणाचीही जीभ उचलली नाही. आमच्याकडं याला लिहाज म्हणतात. थोरामोठ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, त्याच्या शब्दाला शब्द जोडायचा नाही. हे घरात शिकवावं लागत नाही, ते अंगातच असतं. बुधवारी नवं सॉफ्टवेअर सगळ्या दुकानांत गेलं.

मोंढा भरला त्या दिवशी सकाळपासून ऑफिसचा फोन थांबेना. नव्या चेहऱ्यात कट्टे आणि वजन या दोन रकान्यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. मुनिमांची बोटं जुन्या सवयीनं चालली, आणि कट्ट्यांच्या जागी वजन, वजनाच्या जागी कट्टे. पट्ट्या चुकल्या, शेतकरी भांडायला उठले, दुकानांपुढं ट्रॅक्टर खोळंबले. एका अडत्यानं बालाजीला त्याच्या मोबाइलवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुपारपर्यंत आम्ही सगळीकडं जुना चेहरा परत लावला, पण व्हायचा तो तमाशा होऊन गेला होता. मामू दिवसभर आपल्या टेबलापाशी फोनला हात लावून बसले होते. पाळी त्यांची नव्हती, तरी प्रत्येक फोन त्यांनीच घेतला आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, "माझी चूक झाली, भाई." आम्हाला वाटलं, मोठेपणानं म्हणतायत.

पुढच्या शुक्रवारी मी मीटिंगच्या खोलीत शिरले. मामू नेहमीसारखे खुर्चीमागं उभे होते. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "मागच्याचं काय झालं?"

बोर्डावर सगळ्यात वर काय आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. उदगीरच्या दुकानांत चालवून बघणे, मामू. कुणी वर बघेना. मग बालाजी, ज्याला गप्प बसणं माहीत नाही तो बालाजी, म्हणाला, "मामू, चूक माझी हाय. रकाने मीच हलवले." सना घाईघाईनं म्हणाली, "नाही, टेस्टिंगमध्ये मला दिसायला हवं होतं." मी म्हणाले की पुण्याचा आराखडाच तसा होता. आम्ही तिघंही एकाच वेळी त्यांच्यावर पांघरूण घालायला धावलो होतो, आणि त्यांना ते अगदी स्वच्छ कळत होतं.

"मी काय इचारलं?" मामू म्हणाले. "नाव कुनाचं हाय तिथं?"

मग त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"वर्षा बेटा, तू इचार मला. कायदा सगळ्यांला एकच."

मी रोज रेणापूरहून स्कूटीवर येते, रस्त्यात कुणी आडवं आलं तर खडसावते, सरांशी भांडते. पण त्या वेळी टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा मी नखानं खरवडत राहिले. मामू थांबून होते. शेवटी मी विचारलं, इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही. "मागच्याचं काय झालं, मामू?"

"झालं न्हाई," मामू म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. उदगीरला गेले, ओळखीच्या दुकानात बसले, जुन्या मुनिमाला शेजारी घेतलं आणि नवं सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीनवर काय लिहिलंय ते त्यांना दिसेना. करड्यावर करडं, धुकं पडल्यासारखं. मुनीम विचारायला लागला, हे काय लिहिलंय मामू, इथं काय टाकायचं मामू. ते अंदाजानं सांगत गेले आणि चुकत गेले. मुनिमाला आधी थट्टा वाटली. मग दुकानदाराच्या पोरानं त्यांच्या हातातून माउस काढून घेतला आणि म्हणाला, राहू द्या मामू, तुम्ही बसा, चहा घ्या. ज्या मोंढ्याला त्यांनी बोटं ठेवायला शिकवलं, त्या मोंढ्यात त्यांनी तो चहा प्यायला आणि परतीची बस धरली. दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची हिंमत झाली नाही.

"लई दिवसांपासनं कमी दिसून राहिलं," ते म्हणाले. "तुम्हाला चिठ्ठ्या वाचाया लावायचो ते त्याच्यामुळंच. तुम्ही त्याची तारीफ केली, तवा तर सांगायचं तोंडच ऱ्हायलं न्हाई. साहेब म्हनतेत, मान्साचं काम दिसाया पायजे. अन् मला कामच दिसंना. हे कोनाला सांगू?"

सना रडत होती. मी सरांना सांगितलेली ती नवी युक्ती माझ्या कानात वाजत होती. हा माणूस पंधरा-पंधरा दिवसांनी आम्हाला विचारत होता, काय चुकतंय, कुठं अडतंय. आणि आम्ही त्याच्या समोर बसून, त्यानं चिठ्ठी हातात दिली की ती आनंदानं वाचून दाखवत होतो.

"आम्ही नीट इचारलं असतं तर..." बालाजी पुटपुटला.

"इचारलं असतं तर खोटं बोललो असतो," मामू म्हणाले. "उगी तुमच्या अंगावर घेऊ नका. लाज माझी हाय." ते अजून उभेच होते, आणि खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

मग बालाजीनं एक चिठ्ठी ओढली. "दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखवीन की."

"दाखवीन म्हंजे कवा? सोमवारी सकाळी पयलं काय करनार?"

मामूंनी मान खाली घातली. "हे हापिसाचं काम न्हाई, बालाजी."

बालाजीनं ठळक अक्षरांत लिहिलं, मामूंचे डोळे, आणि पुढं स्वतःचं नाव. उठला आणि ती चिठ्ठी बोर्डावर सगळ्यात वर लावली. "खाली ठेवलं की खालीच ऱ्हातं," तो म्हणाला. त्या दिवशी मामू शेवटपर्यंत बसले नाहीत, आणि बसा म्हणायची आमच्यात ताकद नव्हती.

सोमवारी सकाळी बालाजी त्यांना मोटरसायकलवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. काचबिंदू निघाला. एक डोळा जवळजवळ संपलेला, दुसरा थेंबांवर आहे तेवढा टिकवायचा. गेलेली नजर परत येत नाही. थोडं आधी आला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि औषध लिहायला लागले. बालाजी ऑफिसात परतला तो सरळ जागेवर जाऊन बसला. मामूंच्या जागेचं सरांना काही ठरवावं लागलं नाही. मामूंनीच फोन करून सांगितलं की आता घरी जातो.

आता मागचं-पुढचं मी चालवते. एक काम, एक नाव, सोमवारची सकाळ, सगळं त्यांचंच. फक्त एक गोष्ट आम्ही वाढवली आहे. प्रत्येक कामावर करणाऱ्याच्या नावाशेजारी विचारणाऱ्याचंही नाव असतं, आणि त्यानं आठवड्याच्या मधे जाऊन विचारायचंच असतं, झालं का म्हणून नाही, अडलंय कुठं म्हणून. समोर वडीलधारं कुणी असेल तर दोनदा विचारायचं. पुण्यालाही ही पद्धत आता पोचली आहे, सर चारचौघांत माझं नाव घेऊन तिची वाखाणणी करतात. ती ऐकताना मला खाली बघावं लागतं. मी मात्र मीटिंग बसूनच चालवते. खुर्चीमागं उभं राहायचा माझा हक्क नाही, असं मला वाटतं.

मामूंचा शेवटचा दिवस शुक्रवारच होता. मामींनी भलं मोठं पातेलं भरून तहारी पाठवली होती. आम्ही ठरवलं होतं की मीटिंग नको, नुसतं जेवू, दोन शब्द बोलू. पण मामू नमाजेहून आले आणि सरळ त्या खोलीत शिरले. दाराची चौकट त्यांनी हातानं चाचपली, ते आम्ही या वेळी सगळ्यांनी बघितलं. खुर्चीमागं जाऊन उभे राहिले, पाठीवर दोन्ही हात टेकवले आणि विचारलं, "मागच्याचं काय झालं?"

बोर्डावर सगळ्यात वर मामूंच्या डोळ्यांची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर बालाजीचं नाव. तो उठून उभा राहिला. त्याच्यामागोमाग आम्हीही उठलो. बालाजीनं त्या चिठ्ठीकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "जाऊन आलो, मामू."

आम्ही वाट बघत राहिलो. जाऊन आलो हे काम न्हाई, असं ते म्हणतील, आमच्यावर रागावतील, पट्टी पूरी छापून आली का म्हणून विचारतील, याची आम्ही अगदी मनापासून वाट बघत होतो. मामूंनी बालाजीच्या आवाजाच्या दिशेला चेहरा वळवला.

"बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची चाचपून तिच्यात बसले. आम्ही सगळे उभेच होतो, आणि कुणालाच बसवेना.